किंगरीचा हक्क

किनवटच्या मुलखाचा इतिहास सांगावयास बसणाऱ्याने माहूरचा गड, रेणुकेचे ठाणे, उनकेश्वरचे उष्ण झरे आणि सहस्रकुंडाचा प्रपात यांची वर्णने करावीत आणि लेखणी खाली ठेवावी, असा एक प्रघात पडून गेला आहे. त्या स्थळांच्या महत्त्वाविषयी माझा काहीच वाद नाही; परंतु पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबादेच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या या सागवानी प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या जे गजाचे वाद्य रात्ररात्र जागत आले, ज्याच्या सुरांवर एका संपूर्ण समाजाची देवकथा आणि वंशकथा तोलून राहिली, आणि ज्याच्या वादकाला मिळणारा मोबदला बक्षिसाच्या सदरात न मोडता वहिवाटीच्या हक्कात मोडत असे, त्या परधानांच्या किंगरीला या इतिहासात पाच ओळींचीही जागा मिळू नये, याचे मला मनापासून दुःख होते. मी स्वतः व्हायोलिन वाजवून उपजीविका करणारा मनुष्य आहे. कार्यक्रमाची बिदागी, प्रवासखर्च, विमानाचे तिकीट आणि वाद्याची देखभाल या हिशेबात माझे पुष्कळसे चिंतन रोज खर्ची पडते. आणि म्हणूनच माझ्या आधी ज्यांनी गज हाती धरला त्यांना पैसा कोण देत होते, कोणत्या नात्याने देत होते, आणि ते देणे केव्हा व कशामुळे आटले, हा प्रश्न मला संगीताच्या इतिहासातला मूळ प्रश्न वाटतो.

व्हायोलिन हे विलायतेतून आलेले वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात रुजविले, आणि पुढे महाराष्ट्रात गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्यासारख्या गुणवंतांनी त्याला ख्यालाची भाषा शिकविली, हे आपण सर्वजण जाणतो. पण गज आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाच्या वाद्याध्यायात पिनाकी नावाच्या वीणेचे वर्णन केले आहे, आणि ती घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज फिरवून वाजविली जाई, असे सांगितले आहे. म्हणजे मराठवाड्याच्या राजधानीत बसून एका पंडिताने गजवाद्याची लांबीरुंदी अंगुळांनी मोजून ठेवली, त्याला आज साडेसातशेहून अधिक वर्षे झाली. हा शार्ङ्गदेव पोटापाण्यासाठी सिंघणाच्या राज्यात हिशेबदप्तराचा प्रमुख होता; भारतीय संगीतशास्त्रातला एक सर्वश्रेष्ठ ग्रंथ जमाखर्च सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिला, ही गोष्ट संगीत आणि द्रव्य यांना परस्परांचे वैरी मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दरबारातील वीणा ग्रंथात राहिल्या; लोकांतली किंगरी मात्र रस्त्यावर चालत राहिली. मलिक मुहंमद जायसीच्या ‘पद्मावत’ काव्यात राजा रत्नसेन राज्य टाकून जोगी होतो तेव्हा त्याच्या हाती किंगरीच येते. आपल्याकडे नाथपंथी डवरी गोसाव्यांनी ती वाजविली, डक्कलवारांनी तिच्या साथीने मातंग समाजाची पुराणे आणि वंशावळी गाइल्या, आणि किनवट, माहूर, आदिलाबाद या पट्ट्यात राजगोंडांच्या परधानांनी तिला जे स्थान दिले, ते तर इतरत्र कोठे क्वचितच आढळेल. कोरलेल्या लाकडी खोक्यावर ताणून बसविलेले कातडे, त्यावर तीन तारा आणि हाती केसांचा गज, एवढाच तिचा संसार. कातड्याला दमट हवा सोसत नाही, म्हणून गायनापूर्वी वाद्य शेकोटीच्या उबेला धरावे लागते. मग गजाच्या केसांवर राळ घासायची, ती नीट बसली की नाही हे एका लांब ओढीने पाहायचे, आणि कातडे पुरेसे तापून स्वर किंचित वर चढला की गाण्याला आरंभ करावयाचा. हा विधी मी पाहिला तेव्हा माझ्या मनाची जी अवस्था झाली ती शब्दांत सांगणे कठीण आहे, कारण कार्यक्रमापूर्वी पडद्याआड मी स्वतः नेमके हेच करीत असतो. माझी राळ डबीत येते, एवढाच फरक.

परधान म्हणजे कोण, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ते राजगोंडांचे वंशपरंपरागत भाट. गोंड समाजाची चार, पाच, सहा आणि सात देवांची, किंवा भावांची म्हणा, जी मोठी विभागणी आहे, तिच्यातील प्रत्येक कुळाला आपापला परधान असे, आणि परधानाचे घराणे ज्या कुळाशी बांधलेले त्या कुळाखेरीज इतरांच्या दारी हक्काने जाण्याची त्याला मुभा नसे. पुष्य आणि वैशाखाच्या सुमारास कुळदेवतेची, म्हणजे पेर्सा पेनाची, पूजा मांडली की त्या देवतेची उत्पत्ती, कुळाची भटकंती आणि पराक्रम यांची कथा परधानाने किंगरीवर गायची, आणि साथीदारांनी त्याचे चरण उचलून धरायचे. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या देवांना पहांदी कुपार लिंगालाने सोडविले, त्यांची कुळे लावून दिली, ही महाकथा कोणत्याही पोथीत नव्हती; ती परधानांच्या कंठात होती. कथा वाहणाऱ्या या परधानांची घरची बोली मात्र मराठी. गाणे गोंडीत गायचे, आणि गाऊन झाल्यावर मुलाबाळांशी मराठीत बोलायचे, असा हा समाज आहे. म्हणून परधानांची किंगरी हा कोण्या दूरच्या वनवासी लोकांचा विषय आहे, असे म्हणून मराठी वाचकाला बाजूस होता येणार नाही. मराठी बोलणाऱ्या माणसांनी एका शेजारी भाषेतील संपूर्ण वाङ्मय पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवले, असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता देण्याविषयी. लग्नकार्यात, देवकार्यात आणि मृताच्या उत्तरक्रियेत परधानाचा भाग ठरलेला असे. धान्य, वस्त्र, रोकड, यजमान ऐपतदार असल्यास गाय किंवा बैल, आणि मृत्यूनंतर मृताची वस्त्रे व अंगावरचे दागिने, ही त्याच्या प्राप्तीची साधने होत. नर्मदेच्या उगमाकडील परधानांवर आपल्या शामराव हिवाळ्यांनी १९४६ साली जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात यजमानांकडील मागणीच्या फेऱ्यांचे मोठे जिवंत वर्णन आहे. परधान त्या फेरीवर निघे तो याचक म्हणून नव्हे, धाकट्या भावाने थोरल्याच्या घरी आपला वाटा घ्यावयास जावे त्या नात्याने. तिकडची कथाच अशी आहे की, रुसून झाडात शिरलेल्या बडादेवाला धाकट्या भावाने वाद्य वाजवून प्रसन्न केले, आणि तेव्हापासून वादन हा धाकट्याचा धर्म झाला. किनवटच्या बाजूची कथा तपशिलात निराळी असेल, पण नात्याचे स्वरूप तेच. माझ्या धंद्यात बिदागी ठरते ती घासाघीस करून, आणि कार्यक्रम संपल्यावर ती वसूल करण्यासाठी आयोजकांच्या मागे किती महिने लागावे लागते, हे प्रत्येक कलावंत जाणतो. परधानाला घासाघीस नव्हती. त्याचा दर कुळाच्या स्मृतीत नोंदलेला होता, आणि तो न देणे म्हणजे आपल्याच पूर्वजांचे ऋण बुडविणे होते.

तथापि या व्यवस्थेला जुन्या काळाचे सोन्याचे पाणी चढविणे मला मान्य नाही. ज्याच्या मुखातून देव बोलतात असे गोंड मानीत, त्याच परधानाच्या हातचे अन्न ते घेत नसत. देवकार्यात त्याच्यावाचून पान हलत नसे, आणि पंगतीत मात्र त्याने वेगळे बसावयाचे. मृताची वस्त्रे घेणाऱ्याला समाजात कोणता दर्जा मिळतो, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. हक्क होता, पण त्या हक्काला कमीपणाचा डाग होता. पुढे या वाद्याचे जे झाले त्याचे अर्धे कारण या डागात आहे.

उरलेले अर्धे कारण महसुली दप्तरात सापडते. किनवट तालुका त्या काळी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. हे रान जोवर दुर्गम होते तोवर गोंड आपल्या रीतीने जमीन फिरवीत कसत होता, आणि पीक बरे आले की परधानाचा वाटाही बरा निघत होता. पुढे सागवानासाठी जंगले राखीव झाली, हद्दीचे चिरे रोवले गेले, सडका आणि लोहमार्ग आले, त्यांच्यामागून मैदानी प्रदेशातले शेतकरी, सावकार आणि मक्तेदार आले. ज्याच्यापाशी कागद त्याची जमीन, हा नवा कायदा झाला. आणि गोंडापाशी कागद नव्हता. पट्ट्यावाचून सालोसाल धारा भरून कसण्याची जी ‘शिवाय जमाबंदी’ची रीत होती, तिच्यावर त्याची भिस्त, आणि ती भिस्त एका हुकुमाने काढून घेता येत असे. या अन्यायाच्या पोटी कुमराम भीमाचे बंड उभे राहिले, आणि १९४० साली जोडेघाटाच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीने तो पडला.

त्यानंतर निजामाच्या सरकारने चौकशीकरिता ज्याला पाठविले तो क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानवशास्त्रज्ञ. युद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून तो हैदराबाद संस्थानात अडकला होता. मारलवाई गावी राहून त्याने परधानांकडून ज्या कथा उतरून घेतल्या, त्यांवर आधारलेला ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याच्याच शिफारशींवरून पट्टे देण्याचे काम सुरू झाले आणि काही वर्षांत दीड लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासींच्या नावे लागली. मारलवाईस १९४३ साली शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण केंद्र निघाले, तेथली गोंडी क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत होती. याच काळात आदिलाबादेस अधिकारी असलेले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, आणि त्यांनी या लोकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पगडींची कीर्ती शिवकालाच्या इतिहासकाराची आहे; परंतु आजच्या लातूर जिल्ह्यातल्या या माणसाने कचेरीच्या कामाबरोबर परक्या रानातली भाषा आपलीशी केली, हे त्यांचे काम मला तितकेच थोर वाटते, आणि मराठवाड्याने त्याचे पुरेसे स्मरण ठेवलेले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

या सर्व काळात परधान पायी चालत होता. हैदराबाद संस्थानाला चाळिसाच्या दशकात स्वतःची डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी होती, बेगमपेठेच्या धावपट्टीवरून तिची विमाने उडत होती, आणि १९५३ साली तिचे राष्ट्रीयीकरण होईपर्यंत संस्थानचे नाव आकाशात फिरत राहिले. त्याच संस्थानाच्या उत्तर टोकाला किंगरी खांद्याला अडकवून यजमानांच्या गावोगाव हिंडणाऱ्या वादकाला रस्त्याचा खर्च असा नव्हताच, कारण ज्या गावी मुक्काम त्या गावी भाकरी आणि जागा ही हक्काच्याच पोटात येत होती. माझ्या बिदागीतला मोठा भाग विमान आणि हॉटेल गिळून टाकतात, तेव्हा मला या गोष्टीचा हेवा वाटतो. देशी विमानात हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा, आणि पेटीची लांबी पंचावन्न सेंटिमीटर. माझ्या व्हायोलिनची पेटी वजनात बसते, लांबीत बसत नाही. दरवेळी दारावरील कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सारे अवलंबून. एकदा एका विमान कंपनीने ती माझ्या हातातून काढून मालाच्या भागात टाकली, आणि उतरल्यावर पाहतो तो वरची फळी कडेने सुटलेली. उंचावरची कोरडी हवा लाकडाला आणि कातड्याला सारखीच घातक आहे. जादा आसनाचे तिकीट काढून वाद्य शेजारी बसविणारे श्रीमंत वादक आहेत. आमच्यासारख्यांना ते परवडत नाही. गजाचे केस बाहेरदेशातून येतात, तारा बाहेरदेशातून येतात, आणि त्यांच्या किमती डॉलराबरोबर चढतात. ही तक्रार मी परधानापुढे मांडली असती, तर त्याने निदान एवढे तरी विचारले असते की, इतका खर्च करून तू ज्यांच्याकडे जातोस, ते तुझे कोण लागतात?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबादेतून काढून नांदेड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात घातले. भाषेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण गोंडांची कुळे भाषावार वसलेली नव्हती. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला पुष्य अमावास्येस आजही मेश्राम कुळाचे लोक महाराष्ट्रातून आणि तेलंगणातून एकत्र येतात. कुळे हद्दीच्या दोन्ही अंगांना विखुरलेली, शाळा दोन भाषांच्या आणि दाखले दोन सरकारांचे, अशी ही नवी व्यवस्था होती. ज्या व्यवस्थेचा सारा जीव येण्याजाण्यात होता, तिला अशी रेघ बाधल्यावाचून राहत नाही.

आणि मग शिक्षण आले. घरची बोली मराठी असल्यामुळे परधानांच्या मुलांना शाळा गोंडांच्या मुलांपेक्षा लवकर आपलीशी वाटली. त्यांतून शिक्षक झाले, कारकून झाले, पुढे अधिकारीही झाले. वडिलांनी मृताची वस्त्रे घेतली ती आपण घेणार नाही, दुसऱ्याच्या दारी जाऊन मागणार नाही, असे या मुलांनी ठरविले, आणि खुंटीवरची किंगरी खुंटीवरच राहिली. कला लोपली म्हणून हळहळणारे विद्वान या मुलांना दोष देतात तेव्हा मला संताप येतो. त्यांनी जे टाकले ते पंगतीतले वेगळे पान होते. वाद्य आणि अपमान यांची गाठ समाजाने इतकी घट्ट मारून ठेवली होती की, एक टाकताना दुसरे हातून सुटले. ती गाठ सोडविण्याची जबाबदारी ज्यांनी मारली त्यांची होती.

याच परधान समाजाचा एक मुलगा विमानातूनही फिरला. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा जनगढ सिंह श्याम हा त्या घराण्यांतला, जेथे बाना नावाचे किंगरीचेच भावंड वाजविले जाई. भोपाळच्या भारत भवनाचे जगदीश स्वामीनाथन यांच्या दृष्टीस त्याची भिंतीवरची चित्रे पडली, आणि गाण्यातले देव त्याने कागदावर आणले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात कामासाठी गेला असता त्याने तेथेच आयुष्य संपविले. तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या मृत्यूची कारणे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु यजमानाच्या गावी मुक्कामाला जाणारा वादक आणि कराराने परक्या देशी राहणारा कलावंत या दोघांच्या मध्ये काय नाहीसे झाले, याचा विचार मी विमानात बसलो असता पुष्कळदा करतो, आणि तो मला अस्वस्थ करतो.

नांदेडास गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ साली नवे विमानतळ सज्ज झाले, आणि २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेखाली नांदेड–हैदराबाद विमान सुरू झाले. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. किनवटच्या वादकाला हैदराबाद किंवा दिल्लीच्या महोत्सवात नेऊन उभे करणे आज कठीण राहिलेले नाही. गुसाडी नृत्याचे मारलवाईचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हा त्या सगळ्या मुलखाचा गौरव होता. पण महोत्सवाच्या मंचावर कथा दहा मिनिटांत संपवावी लागते, आणि पेर्सा पेनाची कथा रात्रभराची आहे. मंच हा तिचा यजमान होऊ शकत नाही. तिचा यजमान गाव आहे.

म्हणून किनवट, माहूर आणि इस्लापूरच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या गावी किंगरी वाजविणारा वृद्ध परधान असेल, तर त्याला लग्नाला आणि देवकार्याला बोलवा, शेजारच्या पानावर जेवायला बसवा, आणि त्याची संपूर्ण कथा, गोंडी शब्दांसह, ध्वनिमुद्रित करून ठेवा. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत आता दरमहा पाच हजार रुपये मिळतात. त्या अर्जाला वयाचा आणि कलेचा पुरावा लागतो, आणि तो गोळा करण्याचे काम त्या वृद्धावर न टाकता गावातल्या शिकलेल्या माणसाने अंगावर घ्यावे. घरी किंगरी खुंटीला असेल आणि वाजविणारा कोणी उरला नसेल, तर ती विकू नका. कातडे फाटले असले तरी खोके आणि गज जपून ठेवा, कारण त्यावरून नवी घडविता येते.